संगणकाच्या यादीतील वरचे नाव काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
जलपातळी नोंद उपविभाग क्र. ७,
नंदुरबार, जि. नंदुरबार.

अर्जदार : वीरसिंग जेठ्या पावरा, वय ४४ वर्षे, शिपाई तथा पट्टीवाचक, जलपातळी नोंद केंद्र, मौजे उंबरटेंब, ता. अक्राणी (धडगाव).

लेखनिक : नवल धुडकू सोनवणे, अर्ज लिहून देणार, तहसील आवाराबाहेर, धडगाव.

विषय : केंद्रातील संगणक सुरू होताना एकाच नावाच्या दोन प्रणाली दाखवतो, त्यांपैकी वरची निकामी प्रणाली यादीतून काढून टाकण्याबाबत, आणि ते होईपर्यंत बदली माणूस देऊन अर्जदारास आईच्या भेटीसाठी चार दिवसांची रजा मंजूर करण्याबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचे दि. १८ जानेवारी २०२४ पासूनचे तेरा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, दि. ४ जुलै २०२५.
३) तोंडी आश्वासने. संख्या मोजलेली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे यापूर्वीचे तेरा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. ते पाच-पाच ओळींचे होते, अक्षर चांगले होते आणि त्यांत एकही खाडाखोड नव्हती. बहुधा म्हणूनच ते कुणी वाचले नसावेत. चौदावा अर्ज तरी लिहिणाऱ्याकडून लिहून घ्यावा, असे उंबरटेंबच्या चार माणसांनी ठरवले आणि लेखनिकाला धडगावहून जीपमध्ये बसवून इथे आणले, कारण अर्जदाराला धडगावी येता येत नाही. का येता येत नाही, तोच या अर्जाचा विषय आहे. लेखनिक सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आला आहे. माणूस आपल्या गाऱ्हाण्याबरोबर रडतो, शिव्या देतो, निदान टेबलावर मूठ तरी आपटतो. अर्जदार यांपैकी काही करत नाही. विचारले तेवढे सांगतो आणि पडद्याकडे बघत राहतो. म्हणून त्याने सांगितलेले आणि लेखनिकाने आज सकाळपासून डोळ्यांनी पाहिलेले, असे दोन्ही इथे मांडले आहे. भाषा कुठे तिखट लागली तर ती लेखनिकाची समजावी, अर्जदाराची नव्हे.

१. केंद्रात एक संगणक आहे. एक पेटी, एक पडदा, एक कळफलक. हे आत्ताच स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे या संख्येवरून बरेच रामायण झाले आहे. धरणाच्या फुगवट्यात उभ्या केलेल्या यंत्राकडून दर पंधरा मिनिटांनी पाण्याचा आकडा या संगणकाकडे येतो. संगणक तो आपल्या कार्यालयाला पाठवतो. पाणी लाल खुणेच्या वर गेले, तर काठच्या तीन पाड्यांतल्या लोकांच्या मोबाइलवर आपोआप संदेश जातो, मग लोक होड्या वर ओढतात आणि गुरे सोडवतात. तीन पाड्यांपैकी एक मणिबेली गावाच्या अलीकडचा, अर्जदाराच्या आईचा आहे. जुने घर पाण्यात गेल्यावर ती माउली टेकडीवर सरकून राहिली, तिथे होडीनेच जावे लागते.

२. दि. ११ जानेवारी २०२४ रोजी हा संगणक अडकून बसला. कंत्राटदाराकडचा तंत्रज्ञ दानियल, राहणार नवापूर तालुका, हा दुरुस्तीला आला. त्याने जुन्या विंडोजच्या शेजारी नवी विंडोज टाकून पाहिली. नंतर लक्षात आले की आकडे घेणारा कार्यक्रम नवीवर चालत नाही, त्याची परवानगी जुनीशीच बांधलेली आहे. त्याने खटपट करून जुनीच चालू केली, ती आजतागायत उत्तम चालते. नवीला काही काम उरले नाही. पण पाहुणी म्हणून आलेली ती घरधनीण होऊन बसली. संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर यादी येते. यादीत दोन नावे. दोन्ही सारखीच, ‘विंडोज १०’ आणि ‘विंडोज १०’. वरची नवी, म्हणजे निकामी. खालची जुनी, म्हणजे कामाची. तीस सेकंदांत कुणी काही दाबले नाही तर संगणक आपल्या मनाने वरचीत शिरतो, आणि तिथे पाण्याचा आकडा घेणारे कुणी नसते.

वरचे नाव यादीतून काढायचे तर मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो. तो ज्या साहेबांकडे होता त्यांची त्याच आठवड्यात बदली झाली होती. दानियल जाताना म्हणाला, “वीरसिंगदादा, दोन दिवस सांभाळून घ्या. लाइट आली की खालचा बाण एकदा दाबायचा, मग एंटर. परवा पासवर्ड घेऊन येतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

आज या दोन दिवसांना वीस महिने होत आहेत.

३. आता विजेबद्दल. सातपुड्यात वीज कशी असते हे साहेबांना नंदुरबारात बसून कळणे कठीण, म्हणून आजचाच हिशेब देतो. लेखनिक साडेआठला इथे पोहोचला. अकरापर्यंत वीज सहा वेळा गेली आणि सहा वेळा आली. संगणकाला आधार देणारी बॅटरी पहिल्याच उन्हाळ्यात फुगून मेली. ती बदलण्याची मागणी आपल्या कार्यालयात ‘विचाराधीन’ आहे. सहाही वेळा अर्जदार हातातले काम टाकून उठला, पडद्यासमोर उभा राहिला, ओठांतल्या ओठांत आपल्या पावरी बोलीत आकडे मोजू लागला, यादी येताच बाण एकदा दाबला, एंटर दाबले, आकडा आलेला पाहिला आणि परत येऊन बसला. एकदा त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तसाच हातात राहिला आणि नंतर खायचे तो विसरला. लेखनिकाने आठवण करून दिली तेव्हा त्याने खाल्ला.

अर्जदार याच खोलीत झोपतो. दिवा लागला की आपोआप उठतो, त्याला कुणी उठवावे लागत नाही. परसाकडे जायचे ते वीज नुकतीच येऊन गेल्यावर, कारण एकदा आली की ती निदान वीस मिनिटे टिकते, असा त्याचा अनुभव आहे. बाजार त्याने दीड वर्षात पाहिलेला नाही. होळीला गावाच्या ढोलाचा आवाज खिडकीतून येत होता, तो ऐकला, असे म्हणाला. लेखनिकाने विचारले, “वीरसिंग, काय वाटतं रे तुला या सगळ्याचं?” त्याने उत्तर दिले, “काही वाटत नाही. आधी वाटायचं.” हे उत्तर लेखनिकाच्या छातीत रुतून बसले आहे, म्हणून अर्जात त्याची गरज नसताना लिहिले.

४. कार्यालयाने काहीच केले नाही, असा अर्जदाराचा आरोप नाही. मार्च २०२४ मध्ये पडताळणी पथक आले होते. पथकातल्या साहेबांनी संगणक सुरू करायला सांगितले, यादीत दोन नावे पाहिली आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘संगणक – २ (दोन)’ अशी नोंद केली. अर्जदाराने हात जोडून सांगितले की पेटी एकच आहे. साहेबांनी खोलीभर नजर फिरवून शेरा लिहिला, ‘संगणक क्र. २ ची पेटी प्रत्यक्ष आढळून आली नाही. खुलासा घ्यावा.’

तेव्हापासून अर्जदार न झालेल्या चोरीचा खुलासा देत आहे. मे महिन्यात दानियल पासवर्ड मिळवून स्वतःहून आला. त्याने यादी उघडली, वरच्या नावावर बोट ठेवले, तेवढ्यात आपल्या कार्यालयातले नोंदलिपिक जगदीश भाऊसाहेब यांचा फोन आला. भाऊसाहेब शहाद्याकडचे, त्यांचे शब्द अर्जदाराच्या लक्षात आहेत. “हात लावू नको रे भो! वहीमा दोन मशिनी शेतस, साहेबनी सही शे त्यावर. तू एक काढी टाकी ते मी कसं काय दाखाडू?” दानियलने बोट उचलले. सरकारी मालमत्ता नष्ट केल्याचा ठपका त्याच्या पोटावर पाय आणणारा होता, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. पुन्हा तो या बाजूला फिरकला नाही.

पुढे अर्जदाराच्या सातव्या अर्जास लेखी उत्तर आले. कार्यालयाचे हे एकमेव लेखी उत्तर असल्याने अर्जदाराने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. त्यानुसार संगणक क्र. २ कमी करायचा असल्यास त्याचे रीतसर निर्लेखन करावे लागेल, त्यासाठी तो संगणक वजन व छायाचित्रासह जिल्हा समितीपुढे प्रत्यक्ष हजर करावा. महोदय, पडद्यावरचे नाव पोत्यात भरून जीपच्या टपावर कसे बांधायचे, हे लेखनिकाला कळत नाही. समितीला कळत असल्यास तिने माणूस पाठवावा. त्यानंतरच्या महिन्यात संगणक क्र. २ साठी एक धूळरोधक आच्छादन मात्र वेळेवर आले. अर्जदार पावसात पाण्याच्या पातळीची पट्टी वाचायला जाताना ते डोक्यावरून घेतो. हा शासकीय वस्तूचा गैरवापर असल्यास तो कबूल आहे.

५. आता मुख्य गोष्ट. अर्जदाराला रजा का मिळत नाही, याचे कारण जगदीश भाऊसाहेबांनी एका वाक्यात सांगितले होते. “तू गया ते बटन कोन दाबी?” शिवाय कागदोपत्री अर्जदाराच्या ताब्यात दोन यंत्रे असल्याने त्याला दुप्पट जबाबदारीचा कर्मचारी धरले जाते, आणि अशा कर्मचाऱ्याच्या रजेला बदली माणसाची पूर्वअट आहे. बदली माणसाचे पद मंजूर नाही.

या जून महिन्यात अर्जदाराची आई कमलीबाई तापाने पडली. होडीवाल्याने निरोप आणला. अर्जदाराने रजेचा अर्ज दिला, तो परत आला. तेव्हा उंबरटेंबच्या लोकांनी डोंगरात जे नेहमी करतात ते केले. इथे त्याला लाह म्हणतात. एखाद्याचे काम अडले की बाकीचे येऊन ते करतात, आणि त्यांचे अडले की तो जातो. दिवसाची फेड दिवसाने होते, पैशाचे नाव कुणी काढत नाही. निंदणीला लाह होते, घर शाकारायला होते. या वेळी ती संगणकाची झाली. शेजारच्या भुरीबाई आणि सोमीबाई यांनी चार दिवस बसायचे कबूल केले. अर्जदाराने दोघींना बाण दाखवला, एकदा दाबायचा म्हणून सांगितले, त्यांच्याकडून पाच वेळा करून घेतले आणि तो होडीकडे गेला.

चूक झाली ती अशी. लाहीत कुणी रिकाम्या हाताने बसत नाही. दोघी आल्या तर दोघींचा हात कामाला लागला पाहिजे, नाही तर बसणारीला कमीपणा येतो. पहिल्यांदा वीज आली तेव्हा भुरीबाईंनी बाण एकदा दाबला. मग सोमीबाईंनीही एकदा दाबला. दोघींनी सांगितल्याप्रमाणेच केले होते. पण यादीत नावे दोनच, त्यामुळे पहिल्या दाबण्याने खाली गेलेली खूण दुसऱ्याने परत वर आली, आणि एंटर दाबताच संगणक रिकाम्या विंडोजमध्ये शिरला. पडदा उजळला, सुंदर निळे चित्र आले, दोघींना वाटले झाले काम. चार दिवस त्या न चुकता दोनदा बाण दाबत होत्या. भुरीबाई तर घरून रांगोळी आणून यंत्रापुढे घालीत.

तिसऱ्या दिवशी धरणाचे पाणी चढले. आकडा गेला नाही, संदेश गेला नाही. खालच्या पाड्यातली एक होडी वाहून गेली आणि गोठ्यात बांधलेल्या अकरा शेळ्या बुडाल्या. माणूस गेले नाही, हे नशीब.

कारणे दाखवा नोटीस आली ती अर्जदाराला. अनधिकृत व्यक्तींना शासकीय यंत्रे हाताळू दिल्याबद्दल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. यादीतले वरचे नाव गेल्या वर्षीच्या जानेवारीतच काढले असते, तर त्या दोघींनी शंभर वेळा बाण दाबला असता तरी काही बिघडले नसते, किंबहुना दाबायची वेळच आली नसती. पण नोटिशीत यादीचा उल्लेखही नाही. अर्जदाराकडून हमीपत्र लिहून घेण्यात आले की तो केंद्र सोडणार नाही आणि गावातल्या कोणालाही यंत्रापुढे बसू देणार नाही. ते त्याने दिले.

इथे साहेबांचा एक गैरसमज होऊ नये. अर्जदार हमीपत्राला भिऊन इथे बसलेला नाही. लेखनिकाने त्याला स्पष्ट विचारले, “जाऊन येत का नाहीस? काय करतील, नोकरीच घेतील ना?” तो म्हणाला, “शेळ्या तुळशीबाईच्या होत्या. ती काही बोलली नाही मला.” एवढेच. म्हणजे आपल्या कार्यालयाने जे अंगाला लावून घेतले नाही, ते या माणसाने मनाला लावून घेतले आहे. तो बटन दाबतो ते आपल्यासाठी नाही, काठच्या तीन पाड्यांसाठी दाबतो.

६. जूनमध्ये आई बरी झाली होती. आता पुन्हा पडली आहे. गेले आठ दिवस तिने अन्न सोडले आहे, पाणी चमच्याने घेते. होडीवाला परवा सांगून गेला की ती दर थोड्या वेळाने विचारते, वीरसिंग कोणत्या होडीने येतो आहे. होडी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी दुपारी अडीचला सुटते आणि दुसऱ्या दिवशी परतते. आज मंगळवार आहे. आजची गेली तर शनिवार. शनिवारपर्यंत ती थांबेल की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

सबब नम्र विनंती की,

(अ) दानियल अथवा अन्य कोणी जाणकारास पाठवून यादीतील वरचे नाव शुक्रवारपर्यंत काढून टाकण्यात यावे. काम दोन मिनिटांचे आहे. धडगावहून जीपने यायला दोन तास लागतात, ते धरून दोन तास दोन मिनिटे.

(आ) नोंदवहीत दोन संगणक ठेवायचेच असतील तर खुशाल ठेवावेत. अर्जदाराची हरकत नाही. दोनाचे चार झाले तरी नाही.

(इ) काम शुक्रवारपर्यंत होणार नसेल, तर शनिवारच्या होडीआधी एक माणूस केंद्रावर पाठवून अर्जदारास आईच्या भेटीसाठी चार दिवसांची रजा द्यावी. माणूस कोणताही चालेल. त्याला एकापासून तीसपर्यंत मोजता आले म्हणजे झाले.

सोबत : तेरा अर्जांच्या पोच; सातव्या अर्जाचे उत्तर (छायाप्रत; मूळ प्रत अर्जदार देत नाही); कारणे दाखवा नोटीस; यादीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र, ज्यात दोन्ही नावे आणि एकच पेटी स्पष्ट दिसते.

ताजा कलम : (यापुढील मजकूर शिसपेन्सिलीने लिहिला आहे. कारण शेवटी कळेल.)

वरचा अर्ज सकाळी अकरा चाळीसला पुरा झाला. लेखनिकाने तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवला. सगळे बरोबर आहे, म्हणाला. लेखनिकाने सहीसाठी आपले पेन त्याच्या हातात दिले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. होडीवाल्याचा होता. बोलणे पावरीत झाले, लेखनिकाला पावरी येत नाही. अर्जदार दोन-तीन वेळा ‘हो’ म्हणाला आणि त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. लेखनिकाने विचारले, काय झाले? तो म्हणाला, “आई गेली. सकाळी.”

मग तो अर्जाकडे बघू लागला. म्हणाला, “नवलदादा, यात बदल करावा लागेल. भेटीसाठी लिहिलंय. तिथे मातीसाठी करा.” तो पुढे म्हणाला, “आणि चार दिवस नको. आता दोन पुरतील.”

महोदय, आपण हे दोन्ही बदल झाले आहेत असे समजून वाचावे. लेखनिकाने मूळ मजकुरात खाडाखोड केलेली नाही. सव्वीस वर्षांत शेकडो अर्जांत शब्द बदलून दिले, हा एक बदलवेना.

इतक्यात वीज गेली, आणि दहा मिनिटांनी आली. अर्जदार उठला. पडद्यासमोर उभा राहिला. ओठ हलत होते. बाण एकदा दाबला, एंटर दाबले, आकडा आलेला पाहिला आणि परत येऊन खाटेवर बसला. पेन त्याच्या हातातच होते. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, चेहऱ्यावर काही नव्हते. लेखनिकाला मात्र त्या क्षणी, साहेब, आपला, आपल्या कार्यालयाचा, त्या पथकाचा आणि स्वतःच्या सव्वीस वर्षांच्या ‘सविनय सादर’चा संताप आला. हे अर्जात लिहू नये, पण लिहिले आहे.

लेखनिक त्याला जे बोलला ते असे. “ऊठ वीरसिंग. माती कव्हय देतीन?” तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबतील, मुलगा येतो म्हणून. “मंग जाय ना भो! होडी अडीचले शे. मी बसस आठे, यंत्रापुढे.” तो म्हणाला, सही दिली आहे, गावातल्या कोणाला बसू देणार नाही म्हणून. “मी कोठे गावना शे? मी ते शहादाना. तुन्हा कागदमा मन्हं नाव नई.” तो उठेना. म्हणाला, पाणी लाल खुणेला दीड हात कमी आहे, वरून सोडले तर रात्रीत चढेल. लेखनिक म्हणाला, “मी दाबी देसू. एकच डाव दाबसू. मन्हासंगे दुसरं कोनी नई बसाव.” एकापासून तीसपर्यंत त्याच्यापुढे मोजून दाखवले. यादी आल्यावर खूण कुठे न्यायची, आकडा कुठे पाहायचा, हे त्याने विचारले ते सांगितले. तेव्हा कुठे तो उठला.

दारात थांबून म्हणाला, “दोन दिवस होतील तुमचे. तुमच्याकडे काय काम असेल ते सांगा, मी येऊन करून देईन.” लेखनिकाकडे शेत नाही, गुरे नाहीत, घर भाड्याचे आहे. त्याला काय काम सांगावे ते सुचले नाही. लेखनिक म्हणाला, सांगतो. अर्जदार बारा वाजून दहा मिनिटांनी निघाला. होडीच्या घाटापर्यंत पायी सव्वादोन तासांची उतरण आहे आणि तो पळत गेला नाही, चालतच गेला, हे लेखनिकाने दारातून पाहिले.

म्हणून कळवण्यात येते की दि. ९ सप्टेंबर २०२५, दुपारी १२.१० पासून केंद्राचा ताबा एका अनधिकृत व्यक्तीकडे आहे. ती व्यक्ती सदर लेखनिक होय. याची नोटीस काढायची असेल तर ती लेखनिकाच्या नावे, उंबरटेंबच्या पत्त्यावर पाठवावी, म्हणजे हाती पडेल. ती वीरसिंगच्या नावे निघू नये. आजच्या आकड्यांत एकाचाही खंड पडलेला नाही, हे आपल्या पडद्यावरही दिसत असेल.

अर्जावर अर्जदाराची सही नाही. पेन त्याच्या हातात होते, ते तो तसेच घेऊन गेला. हे लक्षात आले तेव्हा तो पहिल्या वळणाशी होता. लेखनिकाने हाक मारली असती तर तो सही करायला परत आला असता, आणि होडी चुकली असती. हाक मारली नाही.

आपल्या कारवाईस नम्रपणे पात्र,

नवल धुडकू सोनवणे
(संगणक क्र. १ व संगणक क्र. २ यांच्यासमोर हजर)

उंबरटेंब, मंगळवार, दि. ९ सप्टेंबर २०२५
दुपारी १२ वाजून ५० मिनिटे. वीज आहे.